मुद्दाम सांडलेलं

"दीदी, साइन कहाँ करना है?" मिक्सरचं भांडं काखेत आणि मोटर दोन्ही हातांत धरून तो दारात उभा होता. जुलैतली संध्याकाळ, खारघरच्या डोंगरावरून येणारा आडवातिडवा पाऊस, जिन्यात त्याच्या चपलांचे चिखलाचे ठसे, आणि हा माणूस सही कुठं करायची ते विचारतोय. मी म्हटलं, कुठंच नाही, वापरा आणि काम झालं की आणून द्या. तो हसला नाही आणि निघालाही नाही. मिक्सर पुन्हा खाली ठेवला, शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून हॉस्पिटलची फाइल, फाइलीतून आधार कार्डाची झेरॉक्स, आणि ती आमच्या चपलांच्या स्टँडवर ठेवून म्हणाला, "रख लीजिए, कुछ तो रख लीजिए." मी नको नको म्हणेपर्यंत तो एक मजला उतरलासुद्धा होता.

खारघर म्हणजे सेंट्रल पार्क, गोल्फ कोर्स आणि पावसाळ्यात पांडवकडा, एवढंच ज्यांना माहीत आहे त्यांना हे दुसरं खारघर दिसत नाही. सेक्टर बावीसमध्ये टाटाचं अ‍ॅक्ट्रेक, म्हणजे कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. सकाळी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की कोण तिकडे निघालंय ते लगेच ओळखू येतं. हातात फुगलेली फाइल, गळ्याभोवती गमछा, तोंडावर मास्क, आणि सोबत एक जण, जो बोर्ड वाचायचा प्रयत्न करत असतो. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, आपलं विदर्भ-मराठवाडा, सगळीकडून माणसं येतात. दिवसा उपचार आणि रात्री आसपासच्या गावठाणात भाड्याची खोली. खोलीत गादी, पंखा, एखादी शेगडी. मिक्सर कुठून असणार? आणि ज्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, ज्याच्या नाकातून नळी घातलीय, त्याला मिक्सरशिवाय जेवण नाही. म्हणून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही जणांनी जुन्या-नव्या वस्तू जमवून ठेवल्या आहेत. मिक्सर, पाण्याची किटली, गरम पाण्याची पिशवी, दोन बादल्या, एक कमोड-खुर्ची. ठेवायची जागा म्हणजे माझी गॅलरी, कारण मी शाळेतून निवृत्त झालेय आणि दिवसभर घरी सापडते. रिक्षावाले, केमिस्टचा पोऱ्या, खोल्या देणारे गाववाले, कुणीतरी माझा पत्ता सांगतं आणि बेल वाजते.

तर त्या सहीचं. हॉस्पिटलात प्रत्येक गोष्टीला सही लागते. ॲडमिशनला सही, भूल द्यायला सही, रक्ताला सही. त्या सवयीनं त्यानं विचारलं असेल. ही झाली समजूत काढायची बाजू. पण "चर्चवाल्या बाईंकडे जा" असंच त्याला कुणीतरी सांगितलं असणार, आणि चर्चवाले काही देतात तेव्हा पुढं कुठल्यातरी कागदावर सही घेतात हे त्याच्या गावाकडे ऐकलेलं असणार. म्हणजे भावाच्या पोटात खिचडी जावी म्हणून हा माणूस तीही सही करायला तयार होऊन माझ्या दारात आला होता का? हा विचार आला आणि मला त्याचा राग आला, मग माझाच राग आला, आणि मग कणीक मळताना उगाचच डोळे भरून आले. त्यातलं खरं कोणतं ते मला अजून धड सांगता येत नाही.

हा संशय काही नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ साली पुण्यात काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. तिथं मुलींना ख्रिस्ती करतात या संशयावरून रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. बाईंनी आपली श्रद्धा लपवली नाही, मुलींपासूनही नाही, आणि त्यामुळे लोकांना वाटलेली भीती अगदीच हवेतली होती असं म्हणता येणार नाही. पण तीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन हाडांचे सापळे झालेल्या पोरी घेऊन आली, हेही तितकंच खरं. मी लहान असताना घरात त्यांचं नाव आदरानं घेतलं जायचं आणि बाहेर कुणी विषय काढला की वडील गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याचा अर्थ मला आता कळतो. आमच्या सोसायटीतल्या एक काकू, मनानं फार चांगल्या, दिवाळीला फराळाचं ताट आधी माझ्याकडे पाठवतात, त्यांनीही एकदा अगदी सहज विचारलं होतं, "तुम्हाला ह्यासाठी वरून फंड येतो ना हो?" वरून म्हणजे कुठून, असं मी हसत विचारलं. आमच्या मिक्सरला फंड आला तो माझ्या पेन्शनमधून आणि एका नर्स मुलीच्या नाइट अलाउन्समधून.

पण मग हेतू काहीच नाही का?

आहे ना. नसता तर मी गॅलरी रिकामी ठेवून तिथं मोगऱ्याच्या कुंड्या ठेवल्या असत्या. मी मनानं काही फार मायाळू बाई नाही. वर्गात पोरं मला घाबरायची. लोकलमध्ये कुणी खेटून बसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. अनोळखी माणूस बघून आपोआप पाझर फुटणारी माणसं मी पाहिली आहेत, माझा नवरा तसा आहे, पण त्याचा पाझर त्याच्या मूडवर चालतो. ज्या दिवशी ऑफिसात बाचाबाची झाली त्या दिवशी भिकाऱ्यालाही ओरडा. मला ठरवावं लागतं. परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलंत, असं येशू शेवटच्या न्यायाच्या वेळी म्हणेल, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं वाक्य लहानपणी पाठ करून घेतलं होतं, आणि ते मला आज्ञेसारखंच ऐकू येतं. तिथं मन भरून आलं तर करा अशी सवलत नाही. म्हणून मी आज्ञा पाळते. ह्यात प्रेम किती आणि शिस्त किती हे विचाराल तर शिस्तीचं माप जरा जास्तच भरेल. लोकांना ठरवून केलेला चांगुलपणा खोटा वाटतो, आतून आलेला खरा. मला उलट वाटतं की आतून येईल तेव्हा येईल, तोवर त्या नळीवाल्या माणसानं उपाशी राहायचं का?

दोन-तीन दिवसांनी मी त्यांच्या खोलीवर गेले. गावठाणातली आत आत जाणारी बोळ, वर निळी ताडपत्री, खाली गटारावरच्या फरशा डगमगणाऱ्या. धाकटा भाऊ कॉटवर भिंतीला टेकून बसला होता. अर्धा चेहरा पट्ट्यांत, नाकातून आलेली नळी गालावर चिकटपट्टीनं डकवलेली. मिक्सर मिळायच्या आधी थोरला काय करत होता ते त्यानं मला दाखवलं. चहाच्या गाळणीत भात-डाळ घ्यायची आणि स्टीलच्या पेल्याच्या बुडानं रगडत बसायचं, खाली वाटीत जे उतरेल ते घ्यायचं. तासभर रगडल्यावर वाटीभर. आणि हे दर दोन-अडीच तासांनी. आता मिक्सरमधून काढलेलं पातळसर मिश्रण तो तलम फडक्यातून गाळत होता, कारण जिऱ्याचा एक दाणा नळीत अडकला तरी पुन्हा हॉस्पिटल गाठायला लागतं. मग सिरिंजचा दट्ट्या काढून तिचं नुसतं नळकांडं नळीला लावलं, हात उंच धरला, आणि हळूहळू ओतायला लागला. पिवळं पिवळं खाली उतरताना दिसत होतं. धाकट्यानं डोळे मिटून घेतले. चव नाही, वास तेवढा येत असेल. हिंगाचा. थोरला हिंगाची फोडणी घालत होता त्यात, जिभेला कळणार नाही हे माहीत असून. शेवटी थोडं पाणी सोडलं, नळी बंद केली, आणि मग त्यानं स्वतः त्याच पातेल्यातलं उरलेलं पिऊन टाकलं. वेगळं शिजवत नव्हता.

तिथं बसल्या बसल्या मला आजी आठवली, नेवाशाकडची. आमची कोरडवाहू जमीन फार नव्हती, रब्बीची ज्वारी निघायची. काढणी झाली की सरवा वेचायला बाया यायच्या, आमच्यापेक्षाही ज्यांचं भागत नव्हतं त्या. आजोबा हिशेबी माणूस, पडलेलं कणीस न् कणीस उचलायचे, आणि आजी बांधावरून ओरडायची, "पार झाडून-पुसून नेता का आता? वेचणारीनं काय ढेकळं न्यावीत घरी?" मग आजोबांची पाठ फिरली की ती पेंढी बांधताना दोन-चार कणसं सैल सोडायची. वेचणाऱ्या बाया लवकर आल्या तर त्यांनाही तीच शिव्या घालायची, ते वेगळं. हे तिनं बायबलमधून उचललं असं मी म्हणणार नाही. सरवा सोडायची रीत गावात सगळ्यांचीच होती, माळकऱ्यांची आणि मुलाण्यांचीसुद्धा. पण रविवारी उपासनेत रूथचं पुस्तक वाचलं जायचं तेव्हा आजी पदर सावरून जरा ताठ बसायची, जणू तिच्याच शेताबद्दल चाललंय.

रूथ मवाबी, म्हणजे परक्या मुलखातली, त्यातही विधवा, सासूच्या मागून बेथलेहेमला आलेली. सातूच्या कापणीत ती सरवा वेचायला जाते ते शेत बवाजाचं. शेताचे कोपरे कापू नका, विसरलेली पेंढी आणायला परत फिरू नका, ती परक्याला, पोरक्याला आणि विधवेला राहू द्या, असं मोशेच्या नियमशास्त्रात आहेच. बवाजानं तेवढं पाळलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण तो कापणीवाल्यांना बाजूला घेऊन सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून टाका, तिला वेचू द्या, आणि तिला टाकून बोलू नका. मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे बाजूला घेऊन सांगणं. धान्य थेट तिच्या पदरात घालणं त्याला अवघड नव्हतं. पण मग ती घेणारी झाली असती. आता ती वेचणारी राहिली, कमरेत वाकून, स्वतःच्या घामाचं नेणारी. देणाऱ्याच्या बाजूनं सगळं ठरवून, आणि घेणारीला मात्र वाटावं की आज नशीब बरं होतं. (बवाजाच्या मनात पुढं आणखी काय काय होतं ते गोष्टीच्या शेवटी कळतंच, तेव्हा अगदी निर्हेतुक तोही नव्हता.)

चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे गुड समॅरिटनची, गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्याच्या नावानं तर आपल्याकडे कायदाही आला. अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सुप्रीम कोर्टानं २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सायन-पनवेल रस्त्यावर कुणाला उचलून तुम्ही हॉस्पिटलात नेलंत तर नाव-पत्ता द्यायची सक्ती तुमच्यावर नाही. सही न करता निघून जाता येतं. चांगलं केलंत म्हणून अडकवू नका, हे लेखी द्यावं लागतं, यावर काय बोलायचं! पण लूकच्या दहाव्या अध्यायातला तो माणूस निघून जात नाही हो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत रात्र काढतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि वर म्हणतो की जास्त लागलं तर परत येताना देईन. पहिला कळवळा क्षणभराचा होता. परत येताना देईन, हे मात्र हिशेब करून बोललेलं आहे.

ठाण्याला बहिणीकडे गेले की तलावपाळीवर एक फेरी होते, आणि जवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्येही डोकावते. ते कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट, पण ठाण्यातली एक जुनी हकीकत मला फार दिवस चिकटून आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. जायचं होतं त्यांना पुढं कोल्लमकडे, जहाजानं आणून सोडलं ठाण्याला. अनोळखी बंदर, अनोळखी भाषा. त्यांना घरात घेतलं ते इथल्या नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांनी. थोड्या वर्षांनी आलेला ओडोरिक नावाचा साधू लिहून गेलाय की अशी पंधरा घरं होती, आणि त्याच दमात त्यांना पाखंडीही म्हणून गेलाय. ज्या घरात साधू उतरले होते तिथं नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं मारलं, बायको काझीकडे गेली, साक्षीला साधूंचं नाव निघालं, आणि प्रकरण वाढत वाढत त्यांच्या जिवावर बेतलं. साधू पुढं हुतात्मे म्हणून गौरवले गेले, त्यांची हाडं ओडोरिकनं पार चीनपर्यंत नेली. त्या पंधरा घरांचं काय झालं, ज्यांनी आपल्याला पाखंडी समजणाऱ्यांना जेवू घातलं? त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्या मार खाल्लेल्या बाईनं पाहुण्यांसाठी काय रांधलं असेल, हा प्रश्न मला साधूंच्या अवशेषांपेक्षा जास्त छळतो.

आता आमच्या मंडळीतली भानगड सांगते. वस्तू वाढल्या तशी बैठक बसली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, खजिनदार. त्यांचं म्हणणं, प्रत्येक वस्तूवर मंडळीच्या नावाचा स्टिकर लावायचा. वस्तू हरवणार नाहीत आणि साक्षही होईल. दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, हे त्यांनी अध्याय-ओवीसकट सांगितलं. त्यावर नर्स मुलगी म्हणाली की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हेही त्याच प्रवचनात आहे, एक पान उलटा. खरंच आहे, मत्तयाचा पाचवा अध्याय आणि सहावा. पाळकसाहेब दोघांकडे बघून चहा घेत राहिले. मी स्टिकरच्या विरोधात. आजारी माणसाच्या उशाशी आपलं नाव चिकटवून यायचं मला पटेना. शेवटी स्टिकर गेला, पण काकांनी तडजोड म्हणून एक रजिस्टर माझ्या गळ्यात मारलंच. दोन बोटं जाड, लाल कापडी पुठ्ठ्याचं. वस्तू, तारीख, फोन, सही. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. अनोळखी माणसाला पाणी द्यायचं आणि पेल्याची पावती फाडायची, असलं काहीतरी वाटत होतं.

आणि झालं उलटंच. रजिस्टर आल्यापासून माणसं दारात रेंगाळत नाहीत. पूर्वी वस्तू घेऊन खाली मान घालून उभी राहायची, पाया पडायला वाकायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता सही करतात, पेन झटकून परत देतात, आणि भाड्यानं सायकल घेतल्यासारखी ताठ मानेनं जिना उतरतात. नेलेलं उसनं आहे, भीक नाही, हे त्यांच्या हातानं लिहून झालेलं असतं. एका बंगाली बाईनं अंगठा न देता मुद्दाम वेळ घेऊन स्वतःचं नाव काढलं, वेलांट्या वळवत, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिच्याकडून काही घेतलंय. बवाजानं सांडलेली कणसं आणि काकांचं लाल रजिस्टर यांचं काम एकच आहे हे मला फार उशिरा उमगलं. काकांना ते अजून उमगलेलं नाही, त्यांना फक्त वस्तू परत येण्याशी मतलब. किटली एक आली नाही, तिच्यासाठी त्यांनी लाल शाईनं खूण करून ठेवलीय.

तरी सगळं लपतं असंही नाही. रूथ संध्याकाळी झोडपून निघालेले सातू घरी आणते, एफाभर, म्हणजे आपल्या वीस लिटरच्या डब्यात मावणार नाहीत एवढे. सासू नामी म्हातारी आहे, आयुष्यभर शेतं पाहिलेली. माप बघताच तिच्या लक्षात येतं की हा काही साधा सरवा नव्हे. आज वेचलंस कुठं, ज्यानं तुझी दखल घेतली त्याचं भलं होवो, असं ती आधी म्हणते, नाव मागाहून विचारते. तो उत्तर प्रदेशचा थोरला भाऊ नामीच्या जातीचा. त्यानंही माप पाहिलं होतं. अनोळखी शहरात अनोळखी बाई चालू मिक्सर हातात देते, हे सरव्याच्या हिशेबात बसत नाही, मग किंमत काय ते तरी सांगा, असं तो विचारत होता. मिक्सर त्यानं महिन्यानं आणून दिला, भांड्याची जुनी रबरी रिंग बदलून नवी घातलेली. झेरॉक्स मी परत दिली. भाऊ कसा आहे विचारलं तर हात हलवून म्हणाला, "चल रहा है." तेवढंच.

एक गोष्ट रूथच्या पुस्तकात वाचताना नेहमी निसटायची. ती एकच दिवस वेचायला गेली असं नव्हतं. सातूची कापणी संपेपर्यंत आणि पुढं गव्हाची संपेपर्यंत ती त्याच शेतात येत राहिली. म्हणजे त्या कापणी करणाऱ्या पोरांना रोज उन्हात वाकून काम करताना लक्षात ठेवून सांडावं लागलं असणार. पहिल्या दिवशी मालकाच्या शब्दाखातर उत्साह असेल. गव्हाच्या वेळेपर्यंत त्यांना कंटाळा आला असेल, एकमेकांना म्हणाले असतील की आज तू टाक, काल मी टाकलं होतं. त्यांना रोज आठवण कोण करून देत असेल? आमच्याकडे ते काम खजिनदार काका करतात. रविवारी उपासना संपली, शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला की ते रजिस्टर बगलेत धरून दाराशी उभे राहतात आणि खड्या आवाजात विचारतात, "या आठवड्यात खोल्यांवर कोण जाणार?" आणि बरोबर त्याच वेळी आम्हा सगळ्यांना, मलासुद्धा, आपापल्या चपला सापडेनाशा होतात.